वन-ब्रूस्टर हेने : ठिपका का विझतो, सापडलं एकदाचं

मागच्या वेळची रड आठवत असेलच: हेने (हेलियम-निऑन) लेसर लागतो, वीसेक मिनिटं झकास चालतो, मग मलूल होत विझतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी नळीवर नाहीतर पॉवर सप्लायवर बोट ठेवलं होतं. दोन्ही ठणठणीत आहेत. गुन्हेगार नळी आणि बाहेरचा आरसा जिच्यावर बसवलेत ती खालची ॲल्युमिनियमची 40 मिमी चौकोनी रेल.

वन-ब्रूस्टर म्हणजे एक आरसा नळीतच, नळीच्या दुसऱ्या टोकाला तिरकी ब्रूस्टर काच, आणि दुसरा आरसा बाहेर. नळीतला आरसा सपाट, बाहेरचा कपलर (थोडा प्रकाश बाहेर सोडणारा आरसा) 60 सेंमी वक्रता-त्रिज्येचा, मधलं अंतर 45 सेंमी. स्थिरतेचा आकडा g1g2 = 0.25, 0 ते 1 च्या आत, म्हणजे कॅव्हिटी (दोन आरशांची जोडी) स्थिर. पण बीमचा अक्ष सपाट आरशाला लंब राहून वक्र आरशाच्या वक्रताकेंद्रातून जातो. कपलर 1 मिलिरेडियन कलला की केंद्र 0.6 मिमी सरकतं आणि अख्खा अक्ष तेवढाच बाजूला जातो. बोअर (नळीतलं बारीक भोक) 1.2 मिमी, ब्रूस्टर टोकाशी बीमची त्रिज्या 0.35 मिमीच्या आसपास. हेनेचा गेन, म्हणजे प्रकाशाची वाढ, नळीतून एकदा जाताना टक्का-दोन टक्के. बोअरच्या कडेला थोडा जरी प्रकाश खरवडला गेला तरी खेळ खलास.

रेलवर हात ठेवला तर वरची बाजू कोमट, शाहाबादी फरशीला टेकलेली खालची गार. थर्मामीटरनं फरक निघाला 2 अंश. 23 मायक्रॉन प्रति मीटर प्रति अंश, नळीच्या मध्यापासून कपलरपर्यंत 300 मिमी, जाडी 40: वाक 0.35 मिलिरेडियन, म्हणजे अक्ष 0.2 मिमी बाजूला. खोलीत मे महिन्याचे 40 अंश असोत, त्यानं बिघडत नाही. वर-खालचा फरक नडतो. रेलवर टेबलफॅन सोडला आणि स्क्रूला हात न लावता ठिपका परत आला. असला आनंद झाला म्हणता!

कपलर धरून कलवणाऱ्या माउंटबद्दल: ऑनलाइन आलेल्याला एम4 स्क्रू आणि स्प्रिंग ढिली. 40 मिमीच्या भुजेवर स्क्रूच्या एका फेऱ्याला साडेसतरा मिलिरेडियन. यानं काय डोंबल जुळणार? सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्या मामांनी इंचाला 80 आट्यांचे स्क्रू बसवून दिले, आता फेऱ्याला 8. पैसे टाकायचे तर स्क्रूवर टाका. (पहिला हेने लेसर करणाऱ्या अली जावान मंडळींनी 1960 मध्ये सपाट-सपाट आरसे नळीच्या आत घालून 1.15 मायक्रॉनवर, म्हणजे न दिसणाऱ्या किरणावर, हे जुळवलं. साष्टांग नमस्कार.)

शेजारच्या यंत्रमागाची थरथर फरशीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातल्यावर गेली.

पुढे तीन स्टीलच्या सळ्यांचा पिंजरा करायचा बेत होता. पण लिहिता लिहिताच वाटतंय, रेल हवीच कशाला? नळीचे क्लॅम्प आणि माउंट थेट शाहाबादीवर, नळी चांगली उंच उचलून. सळ्यांची ऑर्डर थांबवतो. शाहाबादीत 6 मिमीची भोकं कडा न उडवता कुणी पाडलीत का? कुठला बिट, आणि पाणी सोडत पाडायची का कोरडीच?