पुरानंतर पंचनामा करून घेताना (भाडेकरूंनी जरूर वाचा)

२०१९ च्या पुरात आम्ही सांगलीत मारुती चौकाजवळ तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटाला आलं की इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. आमचे घरमालक २००५ च्या पुराच्या हिशोबानं बसलेले, त्याच्या वर पाणी जातंय होय! गेलं की ५७ च्या वर.

पाणी उतरल्यावर घरात शिरलो तर चिखल आणि असला वास की उभं राहवेना. आई म्हणते आधी धुऊन काढ, शेजारचे काका म्हणतायत थांब, पंचनाम्याचं सरकारी पथक येऊ दे, धुतल्यावर दाखवणार काय डोंबल? मग आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढले, भिंतीवर पंख्याच्या खाली वीतभर पाण्याची रेघ उमटलेली ती टेप लावून फोटोत घेतली, फ्रिजमधला चिखल, फुगलेलं प्लायचं कपाट सगळं घेतलं आणि मगच खराटा हातात धरला. रेघ तेवढी पुसली नाही, पथकानं पहिल्यांदा तीच बघितली.

पण त्यांनी नाव लिहिलं घरमालकाचं, आम्ही कागदावर कुठंच नाही. सानुग्रह अनुदान, म्हणजे पूरग्रस्तांना सरकार देतं ती तातडीची मदत, घराला नसतं, तिथं राहणाऱ्या कुटुंबाला असतं (त्या वेळी शहरात १५ हजार, गावात १०, त्यातले ५ रोख आणि बाकी खात्यावर) हे पटवून द्यायलाच चपला झिजल्या. रेशनकार्ड, भाडेकरार, आधार, पासबुक एवढं लागलं. रेशनकार्ड भिजून पापड झालेलं, पेपरात दाबून वाळवलं, आणि झेरॉक्सची दुकानं पण पाण्यात गेलेली म्हणून सांगलीतच विश्रामबागला जाऊन प्रती काढल्या. अर्ज दिल्यावर पोच घ्याच, सही-शिक्क्यासकट, नुसतं 'बघतो' वर उठू नका. पुढच्या यादीत नाव आलं ते त्या पोचेवरच.

टीव्ही-फ्रिजची भरपाई मिळेल या आशेवर राहू नका, अनुदानाचे पैसे कपडे-भांड्यांसाठी म्हणून असतात. गाडीचं वेगळं, ते विम्यात बघायचं, आणि पाण्यातनं काढलेल्या गाडीला मेकॅनिकला दाखवल्याशिवाय किक मारायची नाही, इंजिनात पाणी असलं तर खर्च दुप्पट.