सरकारी ऑफिसातली नोकरी सुटली, मग भत्ता मिळतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. "ताई, तुमची तर गव्हर्मेंटची नोकरी होती, ती गेल्यावर बेकारी भत्ता कसा काय मिळाला, आणि आम्हाला मिळेल का?" नाशिकच्या सिडकोतल्या शेजारणींपासून माझ्याबरोबर घरी बसलेल्या पोरांपर्यंत सगळे हेच विचारतात.

नोकरी सरकारी ऑफिसातली होती, सरकारची नव्हती. काम सगळं सरकारी, पण ऑर्डर माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची, अकरा महिन्यांची, मग थोडे दिवस ब्रेक आणि परत नवी ऑर्डर. पुढे टेंडर दुसऱ्याकडे गेलं आणि आम्हा डेटा एंट्रीवाल्यांना उद्यापासून येऊ नका म्हणाले. पर्मनंट सरकारी माणसाला हा भत्ता नसतोच, कारण तो ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या विम्यात, नसतो. आपण कंत्राटी म्हणून असतो, पगाराच्या स्लिपवर ०.७५ टक्के कपात दिसते ना, तीच ती, त्यावर एजन्सीनं ३.२५ टक्के भरायचे असतात आणि पगार महिना २१,००० च्या आत असला तरच हे लागू.

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना. २०१८ साली सुरू झाली तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के द्यायचे, कोरोनात २०२० ला ५० टक्के केलं. जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे. आता सरासरी कशी काढतात ते नीट बघा, मागच्या दोन वर्षांची सगळी कमाई भागिले ७३०, म्हणजे तुमचे ब्रेकचे दिवस, सुट्ट्या सगळे त्यात धरलेले. पंधरा हजार पगार सलग दोन वर्षं असेल तर दिवसाला २४६ च्या आसपास बसतात, ९० दिवसांचे साधारण बावीस हजार, आणि ब्रेक असतील तर त्याहून कमी. एवढ्यात घर चालत नाही हे मला माहितीये, पण घरभाडं आणि किराणा निघतो, आणि त्या काळात ते फार असतं हो.

अटी म्हणजे किमान दोन वर्षं विम्याखाली नोकरी, शेवटच्या सहामाहीत कमीत कमी ७८ दिवसांचं योगदान भरलेलं आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीत तसंच ७८ दिवसांचं. सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी मोजतात. नोकरी सुटून ३० दिवस झाले की ईएसआयसीच्या पोर्टलवर क्लेम टाकायचा, आधार आणि बँक खातं लिंक पाहिजे, पैसे थेट खात्यात येतात. योजनेला मुदतवाढ मिळत मिळत ती चालू राहत आलीय, म्हणून क्लेम टाकायच्या आधी सध्या मुदत कुठल्या तारखेपर्यंत आहे ते पोर्टलवर बघून घ्या. गैरवर्तनासाठी काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला हे मिळत नाही.

आणि म्हणूनच मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते हे, की राजीनामा लिहून देऊ नका. आमच्या एजन्सीनं शेवटचा पगार अडवून धरला आणि "एक साधा कागद द्या, वैयक्तिक कारणासाठी सोडतोय असं लिहा" म्हणून मागे लागले, माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणींनी दिला पण, कारण पगार हवा होता, त्यांना मी दोष देणार नाही. पण काढलं त्यांनी आणि सोडल्याचं कारण मात्र आपल्या सहीनं, हे मला पटलंच नाही, मी नाही दिला. महिन्याचं चलान भरताना एजन्सीला पोर्टलवर कारण निवडावं लागतं, लेफ्ट सर्व्हिस म्हणजे नोकरी सोडली हे वेगळं आणि रिट्रेंचमेंट म्हणजे कामावरून कमी केलं हे वेगळं, तिथं काय टाकलंय ते विचारा आणि लेखी मागा.

दुसरं म्हणजे ईएसआयसीचा विमा नंबर. टेंडर बदललं की नवी एजन्सी घाईघाईत नवाच नंबर काढते, मग तुमची चार वर्षांची नोकरी दोन नंबरांत वाटली जाते आणि दोन वर्षांची अट कागदावर पूर्ण होत नाही. जुना नंबर पहिल्याच दिवशी द्या, तोच चालू ठेवा म्हणावं.

पीएफ काढणं हा भत्ता नाही, ते तुमचेच साठवलेले पैसे. 'महास्वयं' या सरकारी रोजगार पोर्टलवर नाव नोंदवलं म्हणजे दर महिन्याला काही जमा होतं असंही नाही, व्हॉट्सॅपवर पाच हजार भत्ता मिळतो असे व्हिडिओ फिरतात त्यांच्या लिंकवर आधार नंबर टाकू नका प्लीज.

भत्ता चालू असेपर्यंत दवाखान्याची सोय पण राहते, त्यामुळे सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला माझ्या आईची बीपीची औषधं बंद करायची वेळ आली नाही, याचा मला पैशांपेक्षा जास्त आधार वाटला.

आता सिंहस्थाच्या कामांवर बरीच पोरं अशीच कंत्राटी लागतील आणि काम संपलं की सुटतील. तुमच्या घरातलं कुणी असेल तर आजच त्याची स्लिप बघा, कपात होतेय का आणि पोर्टलवर ती जमा दिसतेय का. कपात होतेय पण जमा दिसत नाही असं असेल तर नोकरी असतानाच तक्रार करा, सुटल्यावर एजन्सीवाले फोन उचलत नाहीत.