आमची वाटचाल : वीतभर लाकडाचे रंधे

आम्ही हातरंधे बनवतो. लाकडी, आणि फक्त छोटे. सर्वांत मोठा वीतभर, सर्वांत लहान अंगठ्याएवढा. फळ्या सरळ करायच्या लांब रंध्याची चौकशी आली की आम्ही नाही म्हणतो. जागा अपुरी असेल, यंत्रं लहान असतील, असा अंदाज लोक बांधतात. खरी गोष्ट अशी, की आम्ही ज्या लाकडात काम करतो ते लाकूड आणि हा आकार एकमेकांना धरून आहेत. एक सोडलं तर दुसरं परवडत नाही.

मूळ धंदा फर्निचरचा. मी आणि धाकटा भाऊ, दोघंच. त्या कामात छोटा रंधा सतत हाताशी लागतो. कडेची धार मोडायची, अडकणारा ड्रॉवर केसभर उतरवायचा, सांध्याची दोन लाकडं एका पातळीत आणायची. उरलेल्या शिसवीच्या ठोकळ्यातून भावाने आमच्यापुरता एक रंधा घडवला. तो इतका बरा निघाला की ओळखीचे सुतार मागू लागले, मग त्यांच्या ओळखीचे. फर्निचर मागे पडल्याचं आम्हाला हिशेबाच्या वहीतूनच कळलं.

शिसवीचा रंधा बरा का चालला, याचं उत्तर वजनात आहे. मोठा रंधा स्वतःच्या भारानेच लाकडावर बसून राहतो. छोट्याला तो भार नसतो. गाठ आली, लाकडातल्या रेषा उलटल्या की तो उड्या मारतो आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. युरोपात रंध्यांसाठी पूर्वापार बीच नावाच्या झाडाचं लाकूड वापरत आले. तेरा सेंटिमीटर लांब आणि चार बाय चारचा बीचचा रंधा घडवला, तर पात्याशिवाय त्याचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. तोच लिग्नम व्हिटी या फार जड लाकडाचा केला तर दोनशेच्या वर जातो. लिग्नम पाण्यात बुडतं. त्यात स्वतःचंच राळेसारखं तेल असतं, म्हणून एके काळी जहाजांच्या पंख्याच्या दांड्याखाली बेअरिंग म्हणून हे लाकूड बसवत. अशा लाकडाचा तळ झिजायला बराच काळ जातो आणि सरकतोही अलगद.

आता अडचण अशी, की आबनूस, लिग्नम, कोकोबोलो अशा जड लाकडांचे मोठे, निर्दोष ओंडके मिळणं दुरापास्त, आणि मिळाले तरी आमच्या आवाक्याबाहेर. पण आम्हाला ओंडका लागतच नाही. वाद्यं बनवणारे आणि लेथवर काम करणारे कातारी यांच्याकडे असे तुकडे उरतात, जे त्यांना आखूड पडतात आणि आम्हाला पुरून उरतात. तुकडा लहान असल्यामुळे चीर, गाठ आणि रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचं कच्चं लाकूड, टाळून नेमका नार, म्हणजे आतलं पक्कं लाकूड, काढता येतो. वर्षवलयं दिसत असतील तर ठोकळा कसा फिरवायचा हेही आपल्या हातात राहतं. वलयांच्या दिशेने लाकूड जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसतं. तळ पिळू नये म्हणून हे बघावंच लागतं.

आणलेला तुकडा लगेच कापत नाही. टोकांना मेण लावतो, कारण ओल टोकांतून सर्वांत लवकर पळते आणि तिथेच चिरा पडतात. मग प्रत्येकावर पेन्सिलने तारीख आणि वजन लिहून फळीवर ठेवून देतो. दर काही आठवड्यांनी काट्यावर ठेवायचं, नवा आकडा जुन्याखाली लिहायचा. आकडा उतरायचा थांबला की लाकूड तयार. जड लाकडं फार हळू वाळतात, घाई करणाऱ्याच्या नाकी नऊ आणतात. आमचं बरंचसं भांडवल या फळीवर धूळ खात पडलेलं असतं, आणि ते तसंच असायला हवं असं माझं मत आहे.

दुसरी वाट पाहायची ती कागदांची. धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा ‘साइट्स’ करार १९७५ पासून लागू आहे. ब्राझिलियन रोझवुड १९९२ साली त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक यादीत गेलं. मग जानेवारी २०१७ पासून शिसवीचं अख्खं कूळच, डालबर्जिया, दुसऱ्या, म्हणजे व्यापाराला परवाना लागणाऱ्या यादीत आलं. त्याच कुळातलं कोकोबोलो २०१३ पासूनच त्या यादीत होतं. २०१७ मध्ये बुबिंगा हे आफ्रिकी लाकूडही आलं. लिग्नम तर आधीपासूनच यादीत होतं. वाद्यवाल्यांची तेव्हा फार तारांबळ उडाली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, आणि दुसऱ्या यादीतल्या डालबर्जियाच्या इतर तयार वस्तूंना एका खेपेत दहा किलोपर्यंत. आमचे रंधे ग्रॅममध्ये मोजायचे, त्यामुळे आकाराचा इथेही फायदाच झाला. तरी प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात, म्हणून परदेशी पार्सल विचारल्याशिवाय निघत नाही. आणि तुकडा कुठून आला याचा कागद नसेल तर तो कितीही देखणा असो, आम्ही घेत नाही.

घडवण्याची पद्धत चिकटवण्याची. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंनी गालांसारख्या पट्ट्या कापून काढायच्या, मधल्या भागात पात्याचा उतार कापायचा, मग सगळं होतं त्याच जागी परत चिकटवायचं. फर्निचर कारागीर जेम्स क्रेनॉव्ह (१९२०–२००९) यांनी ही रीत लोकप्रिय केली. एकसंध ठोकळा पटाशीने पोखरण्यापेक्षा ती सोपी, आणि आबनुसासारखं लाकूड पोखरायचं म्हणजे पटाशीची धार किती वेळा गेली ते मोजत बसावं लागतं. फक्त तेलकट लाकूड गोंद धरत नाही. चिकटवायच्या ऐन आधी अ‍ॅसिटोनने पुसून, तेल पुन्हा वर यायच्या आत इपॉक्सी लावून शिकंज्यात धरावं लागतं.

उतार साधारण पंचेचाळीस अंशांचा. रेषा उलटसुलट असलेल्या लाकडावर चालवायचा असेल तर पन्नास किंवा पंचावन्न. उतार जितका उभा तितका ओढा जड, पण लाकूड उपटून निघत नाही. उपटणं थांबवण्यात तोंडाचाही वाटा असतो. पात्याच्या धारेपुढची फट जितकी अरुंद, तितका छिलका दाबात राहतो आणि पुढे चिरत जात नाही. ही फट आम्ही शेवटपर्यंत बंदच ठेवतो. पातं आणि ते घट्ट धरणारी पाचर बसवून, ताण पडलेल्या स्थितीत तळ सपाट करतो. मग बारीक कानशीने एक हात, उजेडाकडे धरून बघ, पुन्हा एक हात. उजेडाची रेघ दोन्ही टोकांना सारखी दिसली आणि तिच्यातून पातळ छिलका न अडकता निघाला की कानस खाली. इथे भाऊ कोणाशी बोलत नाही.

पाती सुरुवातीला विकत घेत होतो, आता बरीचशी आम्हीच करतो. ओ-१ जातीचं, तेलात थंड करून कडक होणारं पोलाद, चारेक मिलिमीटर जाड. ते तापवत जायचं, चुंबक चिकटेनासा झाला की आणखी थोडं तापवून तेलात बुडवायचं. मग दोनशे अंशांच्या आसपास भट्टीत ठेवून ठिसूळपणा उतरवायचा. घासलेल्या भागावर फिकट सोनेरी रंग चढतो, तो आमचा इशारा.

कोकोबोलो आता मी एकटीच हाताळते. भावाच्या मनगटांवर त्याच्या धुळीने पुरळ उठायचं, आणि ही अ‍ॅलर्जी सरावाने कमी न होता वाढत जाते. लाकडाची धूळ एकूणच वाईट. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली ती कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकली आहे. मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र याशिवाय करवत सुरू करायची नाही, हा नियम पाहुण्यांनाही लागू.

गिऱ्हाईक येतं ते बहुतेकदा रंग पाहून. पर्पलहार्टचा जांभळा, पडौकचा तांबडा. आम्ही आधीच सांगतो, हे दोन्ही उन्हात तपकिरी होत जातात. ज्यांना रंगच हवा आहे त्यांनी रंधा कपाटात ठेवावा, आमची हरकत नाही. वॉर्निश मात्र मागितलं तरी लावत नाही, हातातून निसटतं. वरून तेल आणि मेण, तळाला नुसतं मेण.

पातं कमीजास्त करायला स्क्रू नाही, छोटी हातोडी पुरते. पात्याच्या डोक्यावर टिचकी मारली की धार खाली येते, रंध्याच्या मागच्या टोकावर मारली की वर जाते आणि पाचर सैल होते. नवशिक्यांची पहिली तक्रार याचीच असते. पार्सलबरोबर आता आम्ही एक वाया जाणारा लाकडाचा तुकडा देतो, त्यावर हात बसवून घ्या म्हणून.

जुने रंधेही परत येतात. तळ पुन्हा पुन्हा सपाट केला की तोंड रुंदावतं, कारण आतली पोकळी वर जाईल तशी पसरत जाते. मग तोंडापुढचा भाग कोरून तिथे लिग्नमची चकती बसवायची आणि फट नव्याने उघडायची. त्या कामाला काडेपेटीएवढा तुकडाही चालतो, तेव्हा कुणा कातारीकडे तेवढं लिग्नम कागदांसकट पडलं असेल तर कळवा.