सहा वाजल्यानंतरची लॅब

मंगळवारी संध्याकाळी सहाला आमच्या तंत्रज्ञ बाई कोट घालून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आवर आता. मजल्यावर दुसरं कुणी नाही, आणि जर्मनीतल्या आमच्या या लॅबमध्ये जंतूंबरोबर एकटीने काम करायचं नाही, हा नियम. मी पाच वीसला साल्मोनेला नावाचे जंतू पेशींवर सोडले होते. आता आवरायचं म्हणजे सगळं ओतून द्यायचं.

आईला फोनवर सांगते तसंच तुम्हालाही सांगते. ट्रान्सपोझॉन नावाचा डीएनएचा तुकडा जंतूच्या गुणसूत्रात कुठेही जाऊन बसतो आणि ज्या जनुकात बसेल ते बंद पाडतो. असे एकेक जनुक बंद पडलेले हजारो जंतू, म्हणजे म्युटंट, आमच्याकडे आहेत. त्यातला एकेक म्युटंट माणसाच्या पेशींवर सोडायचा आणि बरोबर तासाने जेंटामायसिन घालायचं. हे औषध पेशीच्या आत फारसं शिरत नाही, त्यामुळे बाहेर राहिलेले जंतू मरतात, आत घुसलेले वाचतात. मग पेशी फोडून ते प्लेटवर पसरायचे आणि सकाळी कॉलन्या, म्हणजे एकेका जंतूपासून वाढलेले ठिपके, मोजायच्या. एरवी छान वाढणारा म्युटंट इथे उगवलाच नाही, तर त्याचं बिघडलेलं जनुक आत शिरण्याच्या कामाचं. साल्मोनेलाची अशी पहिली जनुकं १९८९ मध्ये हाती लागली. पुढे कळलं की त्यातली बरीचशी एक सूक्ष्म सुई घडवतात. सुईतून जंतू आपली प्रथिनं पेशीत टोचतो, पेशीचं आवरण लाटेसारखं उसळतं आणि जंतूला आत ओढून घेतं.

टायफॉइडचा जंतू याचाच सख्खा भाऊ. माझा धाकटा भाऊ नववीत असताना टायफॉइडने महिनाभर अंथरुणावर होता. त्यामुळे हे काम मला घड्याळ बघून करता येत नाही.

परळच्या लॅबमध्ये मी कितीदा शेवटच्या लोकलपर्यंत थांबले आहे. वॉचमनकाका एवढंच म्हणायचे, "ताई, निघताना एसी बंद करा." तिथे नियम ढिले होते, हे खरं. पण विश्वासही होता. आणि याच मुंबईत, प्लेग पेटलेला असताना, १० जानेवारी १८९७ ला शास्त्रज्ञ हाफकिनांनी आपली प्लेगवरची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. आमच्याकडे काम कसं चालतं, हे मला कुणी शिकवू नये.

हे सगळं मी बाईंना बोलले नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, तेवढं त्यांनी पाहिलं असावं. त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला, घरी फोन करून जेवून घ्या म्हणून सांगितलं आणि दाराशी स्टूल ओढून बसल्या. सहा वीसला मी जेंटामायसिन घातलं. शेवटची प्लेट इनक्युबेटरमध्ये गेली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. मधल्या वेळात त्या फक्त एकदा बोलल्या. वीस वर्षांपूर्वी लॅबमध्ये एकटीच असताना भोवळ येऊन त्या पडल्या होत्या आणि सकाळपर्यंत कुणालाच कळलं नव्हतं.

बुधवारी मूळ जंतूच्या प्लेटवर २१२ कॉलन्या होत्या, म्युटंटच्या प्लेटवर तीन. दोन्ही प्लेटा घेऊन मी आधी बाईंच्या टेबलाशी गेले.