नाकारावाचा मोकळा हात आणि काळ्या मातीतला दुसरा गडी

फिजीचा रग्बीपटू लिओने नाकारावा, त्याच्या क्लिपा एकाच ठिकाणी सुरू होतात. दोघे-तिघे त्याच्या अंगाला लटकलेले असतात, एक हात कुठून तरी बाहेर येतो आणि बॉल मागून धावत आलेल्या गड्याच्या हाती पडतो. पोट्टे ती क्लिप दहादा पाहतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर एका हाताने बॉल फेकायला लागतात. दहापैकी आठ बॉल समोरच्याच्या हाती जातात. कारण क्लिप कापणाऱ्याने त्याआधीचे चार-पाच सेकंद कापलेले असतात.

माणूस कोण ते आधी सांगतो. जन्म 2 एप्रिल 1988, उंची 1.98 मीटर, वजन सव्वाशे किलोच्या आसपास. फिजीच्या लष्करात नोकरी केलेला. देशाकडून पहिला कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय, सामना 2009 मध्ये. जागा लॉकची, म्हणजे 4 किंवा 5 नंबरची जर्सी. कधी कधी मागच्या रांगेतही खेळला. 2013 मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगो वॉरियर्स या क्लबकडे गेला आणि दोन वर्षांत तिथे नाव झालं. मे 2015 मध्ये बेलफास्टला प्रो-12 या क्लबांच्या लीगची फायनल झाली. ग्लासगोने आयर्लंडच्या मुन्स्टरला 31–13 असं हरवलं आणि सामनावीर नाकारावा ठरला. ग्लासगोच्या रॉब हार्लीचा पहिला ट्राय (गोलरेषेपलीकडे बॉल टेकवून मिळवलेले गुण) त्याच्याच अशा पासवर, म्हणजे ऑफलोडवर, झाला होता.

आता ते कापलेले सेकंद. ऑफलोड म्हणजे टॅकल झाल्यावर, म्हणजे समोरच्याने धरल्यावर, अंग जमिनीवर पडायच्या आत, साथीदाराला दिलेला पास. त्याची तयारी धडकेच्या दोन पावलं आधी सुरू होते. नाकारावा समोरच्याच्या छातीवर जात नाही, दोन बचावपटूंच्या मधल्या फटीवर जातो. शेवटची दोन-तीन पावलं आखूड टाकतो, त्यामुळे धरणाऱ्याला त्याचा खांदा मिळतो, अख्खं अंग मिळत नाही. धडक होईपर्यंत बॉल दोन्ही हातांत असतो. पासही करता येतो आणि पळताही येतं, म्हणून बचाव करणारा क्षणभर अडखळतो. धडक बसली की पाय थांबत नाहीत, आणि लोकांच्या नजरेतून सुटतं ते नेमकं हेच. पाय चालू राहिले तर पडायला उशीर लागतो, आणि त्या उशिरातच हात मोकळा करायला वेळ मिळतो. मग कोपर धरणाऱ्याच्या पाठीपलीकडे जातं, तळवा बॉलखाली येतो आणि बॉल हलकेच सोडला जातो. अंतर मीटर-दीड मीटर, त्याहून जास्त नाही. जोरात फेकलेला ऑफलोड पकडता येत नाही.

हाताचा पंजा मोठा असणं हे त्याचं नशीब. मोठ्यांच्या, म्हणजे 5 नंबर मापाच्या, बॉलचा मधला घेर 58 ते 62 सेंटिमीटर असतो. चौदा-पंधराच्या पोराच्या एका पंजात तो मावत नाही आणि घामाने ओला झाला की हमखास निसटतो. म्हणून शाळेत एका हाताचा ऑफलोड शिकवूच नये. दोन्ही हातांचा शिकवावा, आणि चौदाच्या आतल्यांना 4 नंबरचा बॉल द्यावा. हवा साडेनऊ ते दहा पीएसआय. सायकलच्या दुकानात अंदाजाने भरलेला बॉल बहुधा जास्त टणक निघतो, बोटांवरून उसळतो, आणि खापर पोराच्या हातावर फुटतं. एप्रिल-मे मधल्या आपल्या उन्हात बॉल मैदानावर सोडू नये, आतली हवा तापून दाब वाढतो.

विदर्भातल्या खेड्यात रग्बी शिकवायला घेतलं की समोर येणारे निम्मे गडी कबड्डीचे असतात. अंगाला अंग लागायची भीती नाही, खाली वाकून मांडी धरायची सवय आहे, घोट्यावर हात टाकता येतो. हे सगळं कामाचं आहे. अडतं ते दोन ठिकाणी. एक, कबड्डीतला डॅश. नुसत्या खांद्याने ढकलणं रग्बीत चालत नाही, दोन्ही हातांनी कवळ मारावीच लागते आणि पकड खांद्याच्या रेषेखालीच हवी. शिकणाऱ्यांना तर छातीच्या वर जाऊच देऊ नये. दोन, रेडरचा स्वभाव. रेडर एकटा जातो, पकडला गेला की जमिनीवर आडवा होऊन मध्यरेषेकडे हात लांब करतो. रग्बीत पकडून पाडल्यावर बॉल लगेच सोडावा लागतो. अंगाखाली दाबून धरला की पेनल्टी. कबड्डीचा चांगला रेडर सुरुवातीला हीच पेनल्टी पुन्हा पुन्हा देतो.

आणि तो मागे कोणी येतंय का हे पाहत नाही, कारण त्याच्या खेळात मागून कोणी येतच नसतं. ऑफलोडमध्ये मात्र खरी कसरत त्या मागच्याची. नाकारावाच्या क्लिपा पुन्हा पाहा आणि या वेळी बॉल घेणाऱ्यावर नजर ठेवा. तो दोन-तीन मीटर मागे असतो, थेट पाठीमागे नसतो, एका खांद्याच्या बाजूला असतो, आणि पूर्ण वेगात असतो. फार जवळ आला तर त्याच टॅकलमध्ये अडकतो. पुढे निघून गेला तर पास पुढच्या दिशेने होतो आणि शिट्टी वाजते. उभा राहिला तर बॉल मिळूनही उपयोग नाही. बोलणंही त्याचंच काम. ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ एवढंच, पण धडकेच्या आधी. धरलेल्या माणसाला मान वळवून पाहायला वेळ नसतो, तो आवाजावर बॉल सोडतो.

सराव सोपा आहे. दहा मीटर रुंद पट्टा आखा, चौघे घ्या: एक बॉलवाला, दोन मागचे, एक धरणारा. पहिले काही दिवस धरणाऱ्याने फक्त कमरेला दोन्ही हातांनी कवळ मारायची, पाडायचं नाही. बॉलवाल्याने तीन पावलं पुढे ओढत न्यायचं आणि मग सोडायचं. दोन्ही हात जखडले गेले असतील तर ऑफलोड करायचाच नाही, खाली जाऊन बॉल आपल्या बाजूला ठेवायचा. हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. स्वतःच्या गोलरेषेजवळ असतानाही तसंच.

मैदान आखायला चुना वापरू नका, तोंडावर आपटणाऱ्या खेळात तो डोळ्यांत आणि खरचटलेल्या जागी जातो आणि भाजतो. फक्की बरी. काळ्या मातीचं म्हणाल तर पावसाळ्यात ती बुटाला चिकटून बुटाचं वजन दुप्पट करते. होळीनंतर भेगा पडायला लागतात, त्यात घोटा अडकतो. खरा हंगाम दिवाळी ते फेब्रुवारी. मुरमाच्या पटांगणावर पाडापाडी नकोच, तिथे नुसता टच खेळा, म्हणजे पाडण्याऐवजी फक्त हात लावायचा.

लॉकचं मुख्य काम मात्र ऑफलोड नव्हेच. स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे गडी एकमेकांत अडकून रेटतात तेव्हा) पुढच्या रांगेला मागून रेटणं, लाइनआउटमध्ये (बाहेर गेलेला बॉल बाजूच्या रेषेवरून आत फेकतात तेव्हा) उडी मारून बॉल काढणं आणि रीस्टार्टची, म्हणजे गुण झाल्यावर खेळ पुन्हा सुरू करायची, उंच किक झेलणं, या तीन गोष्टींसाठी त्याला संघात घेतात. लाइनआउटची उचल आपल्या शाळांमध्ये मऊ जमीन आणि जाणकार माणूस असल्याशिवाय करूच नये. उचलणं जमतं, उडालेल्याला सांभाळून खाली आणणं जमत नाही, आणि पोरगं पाठीवर पडतं.

2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पंधरांच्या खेळातला हा अवजड लॉक सात जणांच्या रग्बीत कशाला, असं वाटू शकतं. उत्तर रीस्टार्टमध्ये आहे, निदान माझं मत तसं आहे. पंधरांच्या खेळात गुण खाल्लेला संघ किक मारतो. सेव्हन्समध्ये गुण मिळवलेल्या संघालाच किक मारावी लागते, म्हणजे ट्राय करून लगेच बॉल समोरच्याला द्यायचा. साडेसहा फुटी माणूस ती किक हवेतच परत मिळवू लागला तर समोरच्याला बॉल दिसतच नाही. मैदान तेवढंच मोठं आणि गडी सात, त्यामुळे एका ऑफलोडने समोर मोकळं रान मिळतं ते वेगळंच. फायनलमध्ये फिजीने ग्रेट ब्रिटनला 43–7 असं लोळवलं, एक ट्राय नाकारावाचाही होता. फिजीचं हे पहिलंवहिलं ऑलिम्पिक पदक. त्या आनंदात देशाने पुढच्या वर्षी 7 डॉलरची नोट काढली.

2016 मध्येच तो पॅरिसच्या रेसिंग 92 या क्लबकडे गेला आणि 2018 मध्ये युरोपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या मोसमातली युरोपच्या क्लबांच्या चॅम्पियन्स कपची फायनल स्पेनमधल्या बिल्बाओला झाली, आयर्लंडचा लेन्स्टर 15, रेसिंग 12. दोन्ही बाजूंचा एकही ट्राय नाही, सगळे गुण पेनल्टी किकचे. बचाव इतका घट्ट असला आणि मागचा गडी वेळेवर पोचू दिला नाही की ऑफलोडचा बादशहाही बांधला जातो. शिकणाऱ्याने ती फायनल क्लिपांपेक्षा आधी पाहावी, कंटाळवाणी वाटली तरी.

पुढची उतरण झटपट झाली. 2019 च्या जपानमधल्या विश्वचषकानंतर तो क्लबकडे उशिरा परतला आणि रेसिंगने करार तोडला. देशाच्या स्पर्धेसाठी खेळाडूला सोडणं क्लबला बंधनकारक असतं, पण ठरल्या तारखेला परत येणं हे खेळाडूकडे लागतं. 2020 मध्ये तो पुन्हा ग्लासगोला आला. त्यानंतर उत्तर आयर्लंडच्या अल्स्टरशी ठरलेला करार वैद्यकीय तपासणीत गुडघ्यावरून अडला आणि बारगळला. लॉकचे गुडघे स्क्रमचा रेटा आणि उड्यांनंतरचं उतरणं, दोन्ही सोसतात. त्या गुडघ्यांवर तो 2021 मध्ये फ्रान्सच्या तूलाँ क्लबला आणि 2022 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी, तिथल्याच कास्त्रला गेला.