दुखलं तरी चालेल, पण किती?

गुडघे दुखू लागले की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो, "आता जपा, जिने चढू नका." इथे डेन्मार्कमध्ये अशा माणसांना व्यायामाला धाडतात. त्यासाठी २०१३ पासून 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम चालतो. साउदर्न डेन्मार्क विद्यापीठातल्या संशोधकांनी तो आखला, पुढे तो कॅनडा-ऑस्ट्रेलियातही पोचला. झिजेचा संधिवात समजावणारे २ वर्ग, मग फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली व्यायामाची १२ सत्रं.

सत्तरी ओलांडलेल्या माझ्या शेजारीणबाईंसोबत मीही एकदा जाऊन बसले. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, सावकाश बसायचं, एवढंच. पण उठताना बाईंचा उजवा गुडघा आत वळत होता. थेरपिस्टने त्यांना आरशासमोर आणलं आणि सांगितलं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा. दुसऱ्या खेपेला तो सरळ राहिला, आणि बाईंचा चेहरा खुलला.

मला सगळ्यात पटला तो दुखण्याचा नियम. ० ते १० अशी मोजपट्टी धरायची. दुखणं ५ पर्यंत असेल तर चालवून घ्यायचं, त्यापुढे गेलं की व्यायाम हलका करायचा. वाढलेलं दुखणं २४ तासांत पूर्ववत व्हायला हवं. या नियमाने माणसाची भीती जाते, आणि माझ्या मते खरी अडचण भीतीचीच असते. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; सांध्यावर भार येतो-जातो तेव्हाच तिचं पोषण होतं. गुडघा बसवून ठेवला तर तो वाचत नाही, उलट त्याला सावरणारे मांडीचे स्नायू आटतात.

वजनाचंही तसंच. १ किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असं अमेरिकेतल्या २००५ सालच्या अभ्यासात दिसलं. २०१३ साली तिथेच प्रसिद्ध झालेल्या दीड वर्षाच्या चाचणीत आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं, नुसतं एकच करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं. उतारवयात नुसतं खाणं तोडून बारीक होण्यात धोका आहे, चरबीबरोबर स्नायूही जातात.

सांधा लाल, गरम झाला असेल किंवा अचानक पाय टेकवेनासा झाला तर आधी डॉक्टरांना दाखवा. एरवी घरातली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि तशीच सावकाश ऊठबस करा. उठणं जड जात असेल तर बसायला एक घट्ट उशी घ्या, म्हणजे उंची वाढून सोपं जाईल.