मर्यादवेलीखालची खुंटी

तौक्ते वादळ 16 मे 2021 ला सिंधुदुर्गाचा किनारा झोडपून पुढे गुजरातकडे गेलं. दोन दिवसांनी मी जमिनीची उंची मोजायची दुर्बीण (लेव्हल) आणि तिची आकड्यांची उभी पट्टी (स्टाफ) घेऊन पुळणीवर पोचलो. वाटेत आडवे माड, वाकलेले विजेचे खांब.

तिथला धूपप्रतिबंधक बंधारा वाढवायचा होता. त्याची मोजणी मार्चमध्ये मीच केलेली. अंदाजपत्रकात एक ओळ माझ्या हातची होती : 'झाडोरा काढून जागा सपाट करणे.' झाडोरा म्हणजे वाळूवर पसरणारी मर्यादवेल, मागे केवडा, थोडी निगडी.

बंधाऱ्याचा एक दगड हलला नव्हता. पण पुढची वाळू गेली होती, पायाचे दगड उघडे पडले होते. आणि बंधारा जिथे संपतो तिथे समुद्राने मोठा घास घेतला होता. एका माडाची मुळं हवेत लोंबत होती. दगडावर आपटलेली लाट परत फिरताना पायाची वाळू ओढून नेते आणि टोकाला मऊ जागा गाठते. कॉलेजात यावर पानभर उत्तर लिहून मी मार्क मिळवले होते.

पलीकडे वेलीचा पट्टा. वेलीखालच्या वाळूच्या टेकाडाचा समुद्राकडचा भाग खरवस कापावा तसा उभा कापला गेला होता, कड्यावरून वेलीच्या दोऱ्या लोंबत होत्या. मागच्या वाडीत मात्र खारं पाणी शिरलं नव्हतं. अमावास्या 11 तारखेलाच होऊन गेली होती, उधाण उतरणीला लागलं होतं, हेही खरं.

"तुमी भित बांधलास, पण दर्याक इचारलास काय?" रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, एक म्हातारे काका म्हणाले. मी स्टाफ धरायला लावला त्यांना. दुसरं काय करणार!

गेलेली वाळू वाया जात नाही. पावसाळ्यात ती थोडी आत जाऊन बांधासारखी साचते, लाटा तिथेच फुटतात. पाऊस सरला की हळूहळू परत येते. वेल ती धरून ठेवते. अर्थात जिथे घरंच पाण्याला टेकलीत, तिथे टेकाडाला जागा कुठून आणणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

अंदाजपत्रकातली ती ओळ मी खोडली. वरून विचारणा झाली, दोन पत्रं लिहावी लागली.

नोव्हेंबरात पुन्हा गेलो. मोजणीसाठी ठोकलेल्या खुंट्यांपैकी बंधाऱ्याकडची लांबूनच दिसली. वेलीकडची काही केल्या सापडेना. काकांनी अनवाणी पायाने चाचपत चाचपत एका जागी टाच रोवली. जांभळ्या फुलांची वेल बाजूला सारली, वीतभर वाळू उकरली, तेव्हा खुंटीचं लाल डोकं दिसलं.